ढिगाशेजारी ढीग

दसरा उलटला की तिवस्याच्या बाजारात आधी सोयाबीन येते, मागोमाग कापूस आणि संक्रांत झाल्यावर तूर. मालाजवळ उभा राहणारा जुना व्यापारी फारसे बोलत नाही. तो कापसाची चिमूट उचलतो, दोन्ही अंगठ्यांत धरून तंतू ओढतो, तो कोठे तुटतो याचा अंदाज घेतो, सरकी दाताखाली फोडून ओल पाहतो आणि मूठभर कापूस उजेडाकडे धरून त्याचा रंग न्याहाळतो. पांढरा रंग एकच असतो, ही बाजाराबाहेरच्या माणसाची समजूत. व्यापाऱ्याला दुधी पांढरा, किंचित पिवळसर, अवकाळी पावसाने राखट झालेला, कवडीच्या डागांनी मळलेला असे कितीतरी पांढरे दिसतात आणि प्रत्येकाचा भाव निराळा असतो. ही नजर त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेली नाही. लहानपणी वडिलांच्या किंवा काकांच्या मागे उभे राहून त्याने शेकडो ढीग पाहिले, एका ढिगाशेजारी दुसरा पाहिला, म्हणून ती आली. एकट्या ढिगाची प्रत ठरवणे कठीण असते. शेजारी दुसरा लागला की पहिल्याचे गुणदोष आपोआप उघडे पडतात.

हाच गृहस्थ कधी मुलाच्या शिक्षणानिमित्त, कधी लग्नकार्यानिमित्त मुंबईला जातो. काळा घोड्याजवळ दोन तास मोकळे मिळाले म्हणून जहांगीर कलादालनात शिरतो. आत दहा-बारा चित्रकारांचे सामूहिक प्रदर्शन मांडलेले असते. कोठे नुसता करडा रंग आणि त्यात बुडालेली एक तांबूस रेघ. कोठे चौकोनावर चौकोन. कोठे रंगांचे पीळ. देव नाही, माणूस नाही, झाड नाही. गृहस्थाच्या मनात दोनच प्रश्न उठतात. ‘यात काय आहे?’ हा पहिला आणि ‘केवढ्याला?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळत नाही, दुसऱ्याचे मिळते, आणि ते ऐकून तो मान हलवत बाहेर पडतो. ज्या नजरेने त्याने चाळीस वर्षे पांढऱ्यातला पांढरा निवडला, ती नजर तो दाराबाहेर पायताणांसारखी काढून ठेवून आत गेलेला असतो.

वास्तविक ‘यात काय आहे?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला जात नाही. कापडाच्या दुकानात गादीवर वीस साड्या उलगडल्या जातात. त्यातल्या एखादीवर ना वेलबुट्टी, ना मोर. नुसते गर्द जांभळे अंग आणि मोरपंखी काठ. गिऱ्हाईक बाई ती साडी हातात घेते, खांद्यावर टाकते, उजेडात नेते, जाऊबाईकडे पाहते. या साडीत काय आहे, असे कोणी विचारत नाही. रंगाला रंग शोभतो की नाही, काठ अंगाला जड होतो की हलका पडतो, एवढेच पाहिले जाते, आणि घरातल्या बायका ते बिनचूक पाहतात. अमूर्त चित्राकडे पाहण्याची सुरुवात याहून फार वेगळी नाही. ओळखीच्या वस्तूचा आधार काढून घेतल्यावर रंग, रेषा, पोत, वजन आणि मोकळी जागा एवढेच उरते. चित्रकाराला जे सांगायचे ते त्याने एवढ्यातच सांगायचे असते.

अशी चित्रे म्हणजे पॅरिस-न्यूयॉर्कचे खूळ, फार तर मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांचा षोक, असा समज वऱ्हाडात सर्रास आढळतो. स्वतंत्र भारताच्या आधुनिक चित्रकलेत ज्या दोन सामूहिक प्रदर्शनांची नावे वारंवार घेतली जातात, त्या दोन्हींत वऱ्हाडचा एकेक माणूस होता. एक अमरावती जिल्ह्याचा, दुसरा अकोल्याचा.

पहिला हरी अंबादास गाडे. जन्म १९१७, गाव तळेगाव दशासर. तिवस्याला तळेगाव परके नाही. तिथल्या शंकरपटाची ख्याती साऱ्या विदर्भात आहे आणि बैलांच्या जोड्यांची नावे लोकांना वर्षानुवर्षे पाठ असतात. याच गावच्या गाड्यांचे नाव सांगणारा मात्र विरळा. गाडे विज्ञानाचे पदवीधर. पुढे नागपूरच्या कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि जबलपूरला अध्यापनही केले. नोकरी, पोट आणि चित्रे ही तीन टोके त्यांनी एकाच वेळी सांभाळली. याच नागपूरच्या कलाशाळेत मंडला जिल्ह्यातून आलेले सय्यद हैदर रझा शिकत होते. आणि जलरंगात निसर्ग रंगवत दोघेही पुढे मुंबईच्या चित्रवर्तुळात पोहोचले.

१९४७ मध्ये मुंबईत सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, रझा, सिनेमाची फलके रंगवून उभे राहिलेले मकबूल फिदा हुसेन, घरकाम करता करता चित्रकार झालेले कृष्णाजी हौळाजी आरा, शिल्पकार सदानंद बाकरे आणि तळेगावचे गाडे. जात, धर्म, प्रांत, शिक्षण यांपैकी काहीही सहांना समान नव्हते. जुलै १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचे प्रदर्शन भरले. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. आज या सहांपैकी काहींची चित्रे कोट्यवधींना जातात. त्या वेळी मात्र विकत घेणारे मोजकेच होते, आणि त्यांतले महत्त्वाचे तिघे युरोपातल्या नाझी राजवटीमुळे मुंबईत येऊन राहिलेले निर्वासित होते. त्यांतला एक औषधांच्या धंद्यातला.

हे प्रदर्शन संपूर्ण अमूर्त नव्हते. सूझा आणि हुसेन यांनी माणसाची आकृती कधी सोडली नाही. पण त्या सहांत आकृतीपासून दूर जाणाऱ्या वाटेवर लवकर पाऊल टाकणारे म्हणून गाड्यांचे नाव घेतले जाते. ओंकारेश्वराचे त्यांचे चित्र पाहिले म्हणजे ही वाट कशी निघाली ते उमगते. नदी, घाट, घरे, पायऱ्या सारे तिथे आहे. तरीही छप्पर त्रिकोण होऊ लागले आहे, भिंत रंगाचा पट्टा होऊ लागली आहे. पुढे पुढे तर घर ओळखू येईनासे झाले आणि उरल्या त्या कोनाकोनांच्या रंगीत घड्या. विज्ञान शिकलेल्या माणसाने समीकरणातले अनावश्यक पद एकेक करून खोडावे, तसा हा प्रवास आहे. भावनेचा उमाळा गाड्यांच्या चित्रांत कमी आणि मांडणीचा नेटकेपणा अधिक. कदाचित म्हणूनच त्यांच्याभोवती दंतकथा जमल्या नाहीत.

तो गट फार काळ टिकला नाही. सूझा १९४९ मध्येच लंडनला गेले, रझा १९५० मध्ये पॅरिसला, पाठोपाठ बाकरेही इंग्लंडला. जी जागा रिकामी झाली तिथे नवे आले. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये त्यांपैकी एक. पुढे त्याच भानू अथय्या या नावाने ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. दुसरे वासुदेव सन्तू गायतोंडे, मूळ गोव्याच्या घरातले पण जन्म नागपूरचा, १९२४ चा. गायतोंड्यांनी तर ‘अमूर्त’ हा शब्दही नाकारला. मूर्त काही होते आणि ते काढून टाकले असा त्या शब्दाचा ध्वनी आहे. आपल्या चित्रात मुळातच वस्तू नाही, असे त्यांचे म्हणणे. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रे करीत. रंगाचा थर लावावा, रूळ फिरवावा, सुरीने खरवडावा, वाळू द्यावा, पुन्हा लावावा. या कामात घाईला वाव नव्हता.

गाडे मुंबईतच राहिले. परदेशी गेलेल्यांची नावे मोठी झाली आणि मागे राहिलेला मनुष्य मागेच राहिला. पेढीच्या भागीदारीत हे नेहमी घडते. पहिल्या दिवशी सहा भागीदारांची नावे पाटीवर असतात, तीस वर्षांनी लोकांच्या तोंडी दोनच उरतात. त्यावरून बाकीच्यांचे भांडवल कमी होते असे ठरत नाही.

दुसरा वऱ्हाडी म्हणजे अकोल्याचे अंबादास खोब्रागडे. चित्रजगत त्यांना नुसते ‘अंबादास’ म्हणून ओळखते. जन्म १९२२. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून ते शिकून बाहेर पडले आणि विणकर सेवा केंद्रात लागले. हातमागाच्या कापडाला नवे नमुने मिळावेत म्हणून केंद्र सरकारने पन्नासच्या दशकात ही केंद्रे उघडली होती. चित्रे विकून घर चालण्याचा तो काळ नव्हता. अनेक चांगल्या चित्रकारांना या केंद्रांनी पगार दिला. ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक लिहिणारे प्रभाकर बरवे हेही तिथलेच. कापूस पिकवणाऱ्या मुलखातला मुलगा चित्रकार झाला आणि त्याचे पोट पुन्हा सुतानेच भरले. अंबादासांच्या चित्रात रंगाचे लांबच लांब ओघ एकमेकांत शिरतात, पीळ घेतात, सुटतात आणि पुन्हा गुंततात. कोणी त्यात वाहते पाणी पाहिले, कोणी झाडाची साल, कोणी ज्वाळा. जिनिंगमधून बाहेर पडणारी रुई ज्याने पाहिली आहे, त्याला तंतूंची आठवण आली तर त्यात नवल नाही. अंबादासांनी तसे मनात धरून रंगवले असे मात्र म्हणता येणार नाही. चित्रात काही ‘ओळखू’ आले की माणसाला हायसे वाटते आणि तो पुढे पाहण्याचे थांबवतो. हा धोका अमूर्त चित्रापुढे उभ्या असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

ऑगस्ट १९६२ मध्ये काही चित्रकार मित्र भावनगरला एका घरी जमले. तिथे त्यांनी गट बांधला आणि नाव काय द्यावे याचा घोळ घालत न बसता घराचा क्रमांकच नाव म्हणून घेतला, ‘ग्रुप १८९०’. नावाला शुभ-लाभ शोधणाऱ्या व्यापाऱ्याला हे गमतीचे वाटेल. गटात बारा जण. पुढारीपण जगदीश स्वामिनाथन यांचे. सोबत अंबादास, जेराम पटेल, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, राघव कनेरिया, हिंमत शाह आणि इतर. यांपैकी हिंमत शाह लोथलच्या एका जैन व्यापारी कुटुंबात जन्मले होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये दिल्लीच्या रवींद्र भवनात त्यांचे प्रदर्शन लागले. उद्घाटनाला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आले. पुस्तिकेची प्रस्तावना मेक्सिकोचे तत्कालीन राजदूत ओक्ताव्हिओ पाझ यांनी लिहिली. पुढे १९९० मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. गटाचे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या भारतीय शैलींचा हळवा पुनरुद्धारही नको आणि युरोपची उसनवारीही नको. चित्राने कशाचे तरी चित्र असण्याऐवजी स्वतःच एक वस्तू, एक अनुभव व्हावे. हिंमत शाह यांनी त्या प्रदर्शनात जळत्या टोकाने भाजून डाग पाडलेल्या कागदांची चित्रे लावली होती. लोथलच्या घरी ती पाहून कोणाला काय वाटले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे हेच शाह देशातील अग्रगण्य शिल्पकार ठरले आणि २०२५ मध्ये जयपूरला, नव्वदी ओलांडून, कामात असतानाच गेले.

‘ग्रुप १८९०’ चे दुसरे प्रदर्शन झालेच नाही. बारा जण बारा वाटांनी गेले. अंबादास १९७२ मध्ये नॉर्वेला जाऊन स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ऑस्लोत वारले. १९४९ आणि १९६३ या दोन्ही प्रदर्शनांत एक गोष्ट सारखी होती. एकेकट्याने प्रदर्शन मांडले असते तर लोकांनी त्याला वेडा म्हणून सोडून दिले असते. सहा जण, बारा जण एकाच भिंतीवर आले, तेव्हा पाहणाऱ्याला तुलना करावी लागली. हे त्याच्याहून निराळे का, हे अधिक घट्ट का आणि ते विस्कळीत का, असे प्रश्न पडू लागले. ढिगाशेजारी ढीग लागला.

चित्रांच्या या बाजारात रुईचा एक खराखुरा व्यापारीही होऊन गेला. जहांगीर निकल्सन, जन्म १९१५, मुंबईचे पारशी गृहस्थ. हिशेबनिसाची सनद घेतलेली आणि धंदा कापसाचा. मोटारी आणि छायाचित्रण हे त्यांचे षोक. चित्रकलेशी पन्नाशीपर्यंत विशेष संबंध आल्याचे दिसत नाही. पत्नी गेली, मूलबाळ नव्हते. १९६८ मध्ये ताज हॉटेलातील कलादालनातून त्यांनी एक निसर्गचित्र विकत घेतले. कोणीही पहिल्या वेळी घेईल तसेच. समोर काय आहे ते कळते, दिवाणखान्यात शोभते. पण ते तिथे थांबले नाहीत. दर आठवड्याला प्रदर्शने पाहायची, चित्रकारांच्या घरी जायचे, विचारायचे, पुन्हा पाहायचे असा त्यांचा क्रम सुरू झाला. नेपाळातून जे. जे. मध्ये शिकायला आलेले आणि मुंबईचेच झालेले अमूर्त चित्रकार लक्ष्मण श्रेष्ठ यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि श्रेष्ठांची चित्रे त्यांनी मोठ्या संख्येने घेतली. गायतोंडे घेतले, रझा घेतले, हुसेन घेतले. निसर्गचित्रापासून सुरू झालेला हा खरेदीदार काही वर्षांत जिथे ओळखीचे काहीही नाही अशा रंगापुढे निवांत उभा राहू लागला.

हे कसे घडले असावे? निकल्सन यांनी कलेचे शिक्षण घेतले नव्हते. त्यांच्याजवळ होती ती रुईची नजर आणि हिशेबनिसाची चिकाटी. रुईच्या व्यापाऱ्याला वस्तूचे चित्र नको असते. त्याला पोत, तंतू, रंग, स्वच्छता यांचा निवाडा हवा असतो. अमूर्त चित्राला नेमके हेच लागते. मृत्यूपर्यंत त्यांच्याकडे आठशेहून अधिक कलाकृती जमल्या. घर पुरेना, तेव्हा १९७६ मध्ये नरीमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात त्यांच्या नावाचे दालन झाले. आज तो संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सांभाळला जातो आणि २०११ पासून त्यातील चित्रे तिथल्या एका दालनात आलटून पालटून लावली जातात. एका कापूसवाल्याने उभे केलेले हे कायमचे सामूहिक प्रदर्शनच म्हणायचे. मुलाबाळांत वाटणी झाली नाही, लिलावात विखुरली नाही, लोकांसाठी राहिली. जैन समाजात वाडवडिलांच्या नावे धर्मशाळा, पाठशाळा, दवाखाने बांधण्याची रीत आहे. चित्रसंग्रह लोकांच्या हवाली करणे हीही त्याच जातीची गोष्ट आहे, फक्त अजून आपल्याकडे तशी मोजली जात नाही.

अमूर्ताची सवय नाही, ही सबब जैन घराने तर सांगूच नये. देरासरात पाटावर तांदळाने स्वस्तिक काढणारी आजी चार गती काढते, वर तीन पुंजक्या ठेवून रत्नत्रय मांडते, त्यावर चंद्रकोरीची सिद्धशिला आणि कोरीच्या वर एक पुंजकी. यात मनुष्य नाही, देव नाही, लोकाचे दृश्य नाही. तरीही संसारापासून मोक्षापर्यंतचा सारा पल्ला चिमूटभर अक्षतांत आला आहे. पाच वर्षांची नातही ते पाहते आणि ‘यात काय आहे?’ असे विचारून गोंधळ करत नाही, कारण तिला ते रोज दिसते. दिगंबर मंदिरांतील सिद्ध-प्रतिमा त्याहून विलक्षण. पितळेच्या पत्र्यातून उभ्या देहाची आकृती कापून काढलेली असते. पत्रा तेवढा धातूचा. सिद्ध म्हणजे मधली रिकामी जागा. ज्याला देह नाही त्याचे रूप कसे घडवायचे, या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. वॉशिंग्टनच्या फ्रीअर कलासंग्रहालयात पश्चिम भारतातली १३३३ ची अशी एक सिद्ध-प्रतिमा आहे. परदेशी लोक तिच्यासमोर थबकतात. घरच्या मंदिरात मात्र हात जोडून पुढे जाण्याच्या घाईत तिच्या घडणीकडे पाहायचे राहून जाते. अमूर्त चित्र आणि पूजेची वस्तू एक नव्हे, हे उघड आहे. एका ठिकाणी अर्थ परंपरेने ठरवलेला आहे, दुसऱ्या ठिकाणी चित्रकाराला तो दर वेळी नव्याने कमवावा लागतो. पण आकृतीवाचून पाहण्याची सवय दोन्हीकडे लागते, आणि ती या घरांत आहे.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगितली पाहिजे. अनेकान्ताचे नाव घेऊन ‘ज्याला जे दिसेल ते खरे’ असे म्हणण्याची टूम काही ठिकाणी निघाली आहे. अनेकान्ताचा अर्थ कोणतेही विधान खपवून घेणे असा नाही. वस्तूला अनेक अंगे असतात, म्हणून प्रत्येक अंग नीट तपासावे, असा आहे. वाईट अमूर्त चित्रे भरपूर असतात. चार रंग फासून मोठे नाव देणारे चित्रकार आहेत आणि सोफ्याच्या रंगाला जुळते म्हणून ती घेणारी गिऱ्हाइकेही आहेत. भेसळ ओळखता न येणे हा मालाचा दोष नसतो, तसेच भेसळ असते म्हणून सारा मालच टाकाऊ ठरत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाविषयी, कारण तो विचारला जाणारच. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंड्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले आणि मार्च २०२१ मध्ये दुसरे ३९ कोटी ९८ लाखांना. हे आकडे वर्तमानपत्रात आल्यापासून ज्यांनी आयुष्यात एकही प्रदर्शन पाहिले नाही, तेही ‘चित्रात पैसा टाकावा का?’ असे विचारू लागले आहेत. आकड्यांच्या मागचा जमाखर्च वाचावा. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत राहत, १९८४ च्या अपघातानंतर कित्येक वर्षे त्यांना मोठे चित्र करता आले नाही, आणि २००१ मध्ये ते गेले. हे कोटी त्यांच्या हाती कधी आले नाहीत. लिलावात गाजते ते एक चित्र. त्याच दशकात त्याच शहरात काढलेली हजारो चित्रे विकत घेतलेल्या किमतीलाही परत जात नाहीत, आणि त्यांची बातमी होत नाही. सोने तोळ्यावर मोडता येते, चित्राला गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबावे लागते. दागिन्यावर बँक कर्ज देते, चित्र सहसा तारण म्हणून घेत नाही. विकून नफा झालाच तर तो भांडवली नफा ठरतो. घरगुती वापराच्या वस्तूंना करात जी सूट आहे ती चित्रांना मिळत नाही. नामांकित चित्रकारांच्या नकला बाजारात फिरतात, म्हणून चित्र पूर्वी कोणाकडून कोणाकडे गेले याचे कागद नसतील तर व्यवहारात पडू नये. एवढे सगळे कळूनही ज्याला एखादे चित्र रोज डोळ्यांसमोर असावेसे वाटते, त्याने ते खुशाल घ्यावे. तरुण चित्रकाराचे घ्यावे, झेपेल तेवढ्याचे घ्यावे आणि खात्यात ते गुंतवणूक म्हणून न लिहिता घरखर्चात लिहावे. निकल्सन यांनीही पहिले चित्र विकण्यासाठी घेतले नव्हते.

याहून अवघड प्रश्न घरात अधूनमधून उभा राहतो आणि तिथे भावाचा कागद उपयोगी पडत नाही. दहावीला चांगले गुण मिळवणारी मुलगी म्हणते, मला चित्रकला शिकायची आहे. घर गप्प होते. ‘आधी वाणिज्य कर, मग बघू’ हे ठरलेले उत्तर. गाडे आधी विज्ञानाचे पदवीधर झाले, तेव्हा हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. मात्र ‘मग बघू’ म्हणणाऱ्यांनी पुढे खरोखर बघितले पाहिजे. बहुतेक घरांत ते शब्द म्हणजे नकाराचे सभ्य रूप असते, आणि मुलीला ते पहिल्याच दिवशी कळते. अंबादासांना विणकर केंद्राने पगार दिला तसे आधार आज अधिक आहेत. कापडाचे नमुने, छपाई, वेष्टने, अंतर्गत सजावट, अध्यापन यांत रंगाची जाण असलेल्या माणसाला काम आहे. त्यांपैकी निम्मे धंदे तर समाजातच चालतात आणि त्यांसाठी बाहेरची माणसे पगारावर ठेवली जातात.

तोवर पाहणे सुरू करायला काही अडत नाही. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शने लागतात. तिवस्याहून महामार्गाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. नवख्याने सुरुवात सामूहिक प्रदर्शनापासून करावी, एकट्याच्या नव्हे. आत गेल्यावर माहितीचा कागद आधी वाचू नये. सारे दालन एकदा नुसते फिरावे, मग दोन चित्रे निवडावीत, एक आवडलेले आणि एक मुळीच न आवडलेले, आणि दोन्हींसमोर सारखाच वेळ उभे राहावे. करडा रंग खरोखर एकच आहे का? कडेला तो दाट झाला आहे की विरत गेला आहे? रेघ एका दमात ओढली आहे की चाचपडत? रिकामी जागा विसरलेली आहे की राखून ठेवलेली? मुलांना सोबत न्यावे आणि त्यांना काय दिसते ते विचारू नये. कोणते जड वाटते आणि कोणते हलके, एवढेच विचारावे. मुले याची उत्तरे मोठ्यांपेक्षा लवकर देतात. मराठीत वाचायचे झाल्यास स्वतः अमूर्त चित्रकार असलेले प्रभाकर कोलते यांनी या विषयावर सातत्याने लिहिले आहे. पण वाचन दोन-चार प्रदर्शने पाहून झाल्यावर करावे.

मुंबईला जाणाऱ्याची आणखी सोय आहे. निकल्सन यांचा संग्रह असलेले वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर कलादालन एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत, आणि शासनाची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घाही समोरच. तळेगावच्या गाड्यांचे मूळ चित्र कोणत्या दिवशी कोठे लावलेले असेल ते आधी फोन करून विचारावे लागते. वस्तुसंग्रहालयाला तिकीट आहे. जहांगीर कलादालन सकाळी अकराला उघडते आणि तिथे आत जायला काहीही पडत नाही.